सीसॅटचे उतारे: पर्याय वाचताना काय पाहाल?

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटमध्ये, म्हणजे आकलन आणि तर्कक्षमता तपासणाऱ्या दुसऱ्या पेपरमध्ये, 80 प्रश्न आणि 120 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यात उताराही वाचायचा. म्हणून आधी फक्त प्रश्न वाचा, पर्याय नको. पर्याय आधी वाचले की त्यातली चुकीची विधानेच डोक्यात बसतात आणि उतारा त्यांच्याच चष्म्यातून दिसू लागतो.

खरी फसगत पर्यायांत होते. उताऱ्यात ‘काही तालुक्यांत भूजल पातळी खालावली’ असेल, तर पर्यायात ‘राज्यभर खालावली’ असे येते. शब्द ओळखीचे, आवाका मात्र वाढवलेला. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे शब्द दिसले की उताऱ्यातल्या त्या ओळीवर परत जा. (उताऱ्यातच ‘केवळ’ असेल तर तो पर्याय बरोबरही असू शकतो, डोळे झाकून काट मारू नका.) दुसरा सापळा म्हणजे बाहेरच्या जगात खरे, पण उताऱ्यात नसलेले विधान. सामान्य अध्ययनाचा अभ्यास पक्का असणारेच त्यात जास्त अडकतात.

‘अयोग्य विधान ओळखा’ मधल्या ‘अयोग्य’खाली रेघ मारा. क्षुल्लक वाटेल, पण घाईत हाच शब्द निसटतो.

दोन पर्यायांत अडकलात तर ‘हे कोणत्या ओळीत आहे?’ एवढेच विचारा. ओळ सापडत नसेल तो पर्याय सोडा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर अंदाजाने उत्तर न दिलेले बरे.