पन्नाशीच्या उंबरठ्यावर पैशांची व्यवस्था कशी लावावी

पंचेचाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणी पैशांविषयी बोलू लागल्या, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा भरायची ठरावीक रक्कम, कोणती घ्यावी? माझे उत्तरही ठरलेले आहे. आधी कपाटातली फाइल बाहेर काढावी आणि आपले नाव कोणकोणत्या कागदावर आहे ते पाहावे. ठाण्यातल्या आमच्या घराच्या कर्जाचा अर्धा हप्ता सोळा वर्षे माझ्या पगारातून जात होता. करारनाम्यात दुसरे नाव माझे होते, परंतु सोसायटीचे सभासद कोण हे दाखवणाऱ्या शेअर सर्टिफिकेटवर एकट्या पतीचेच नाव निघाले, कारण दोन्ही नावे लावण्याचा अर्ज द्यायचे आम्हा दोघांनाही सुचले नव्हते. तो अर्ज एका पानाचा होता.

एखाद्या रविवारी दुरेघी वही घेऊन बसावे आणि प्रत्येक खाते, ठेव, पॉलिसी व म्युच्युअल फंड यांसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: नाव कोणाचे, सही कोणाची चालते आणि नॉमिनी कोण. संयुक्त खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे असल्यास एकाच्या पश्चात दुसऱ्याला ते चालवता येते; दोघांच्याही सह्या लागणारे असल्यास ऐन गरजेच्या वेळी पैसे अडकतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, म्हणून लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून वडिलांचेच नाव असेल तर ते बदलण्याची हीच वेळ आहे.

ठेवी कुठे आहेत, हेही त्याच वहीत दिसेल. बँक बुडाल्यास एका बँकेतील सर्व शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंतच विमा संरक्षण मिळते. पतपेढीतल्या ठेवीला हे संरक्षण अजिबात नसते, तरीही अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या जादा व्याजासाठी आयुष्याची पुंजी तिथे ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. (भिशी खुशाल चालवावी, तिच्यात निदान बुडवणारीचे घर तरी ठाऊक असते.)

मुलांसाठी मध्येच नोकरी सोडलेल्या स्त्रियांनी जुन्या भविष्यनिर्वाह निधीचा शोध अवश्य घ्यावा. निधीची सगळी खाती एकत्र जोडणारे युएएन क्रमांक २०१४ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीचे खाते आजच्या क्रमांकाशी जोडलेले नसण्याची शक्यता मोठी. जुनी वेतनचिठ्ठी किंवा नेमणूकपत्र यासाठी उपयोगी पडते. पेन्शनपात्र सेवा १० वर्षे भरली असेल, तर ५८व्या वर्षापासून मासिक निवृत्तिवेतन मिळते, आणि पूर्वीची सेवा जोडली गेल्याने कित्येकदा ही दहा वर्षे भरतात. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या गृहिणीने पीपीएफचे, म्हणजे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे, खाते उघडावे, त्यात वर्षाला ५०० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात. पतीने दिलेल्या पैशांची मुदत ठेव केल्यास तिचे व्याज प्राप्तिकरासाठी पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. पीपीएफचे व्याज करमुक्त असल्याने ती अडचण येत नाही.

नोकरीच्या ठिकाणी आरोग्य विमा मिळालेला असला तरी स्वतःचा वेगळा घ्यावा, कारण तो विमा नोकरीबरोबर संपतो. थायरॉइड, रक्तदाब, मधुमेह जे असेल ते अर्जात लिहावे. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो, म्हणजे अठ्ठेचाळिशीत घेतलेली पॉलिसी एक्कावन्नाव्या वर्षी त्या आजारांसाठीही कामी येते. लपवलेला आजार मात्र दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

घराच्या बाबतीत करारनामा, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीतला नॉमिनेशन अर्ज हे तिन्ही कागद एकत्र ठेवून ताडून पाहावेत. वाशी-नेरूळसारख्या भागात, सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील इमारतीत घर असल्यास, ते आपल्या नावे झाल्याची नोंद सिडकोकडेही आहे ना, याची खात्री करावी.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज अजूनही फार पसरलेला आहे. बँक ठेवींसारख्या बाबतींत नॉमिनीच्या हाती पैसा पडतो, पण मालकी वारसांकडे जाते, आणि वारस कोण हे मृत्युपत्र नसेल तर कायदा ठरवतो. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पती आणि मुले हयात नसलेल्या स्त्रीची स्वकमाईची मिळकत तिच्या आईवडिलांच्याही आधी पतीच्या वारसांकडे जाते. म्हणजे जिने जन्मभर आईचा सांभाळ केला, तिच्या पश्चात तिच्या ठेवी दिराकडे जाऊ शकतात आणि आई मागे राहते. निपुत्रिक विधवांनी तर हे काम पुढच्या दिवाळीवर मुळीच ढकलू नये.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते आणि त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेतलेली बरी. सही दोन साक्षीदारांसमोर करावी, त्यांनीही सह्या कराव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. मूळ प्रत स्वतःच्या एकटीच्या नावावरील लॉकरमध्ये ठेवू नये, कारण तो लॉकर उघडण्यासाठीच मागच्यांना बँकेत खेपा घालाव्या लागतात. ती घरातल्या त्याच फाइलमध्ये ठेवावी आणि फाइल कोणत्या कप्प्यात आहे, ते मुलीला किंवा भावाला सांगून ठेवावे.