‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका : वयस्क कुत्र्यांच्या बाबतीत या चुका टाळा

जिन्याच्या पहिल्या पायरीशी कुत्रा थबकतो, मान वर करून मालकाकडे पाहतो आणि तिथेच बसकण मारतो, तेव्हा ‘आता वय झाले त्याचे’ एवढे म्हणून विषय संपवला जातो. वयस्क कुत्र्याला सर्वांत महागात पडणारी चूक हीच. म्हातारपण हा आजार नव्हे. अशा थबकण्यामागे बहुधा सांधेदुखी असते आणि तिच्यावर उपचार आहेत. मात्र, दुखते म्हणून कुत्रा क्वचितच केकाटतो. पुढच्या पायांवर भार देऊन मागचा भाग कसाबसा उचलणे, एकच सांधा सतत चाटत राहणे, कमरेला हात लागताच गुरगुरणे, ही त्याची तक्रार असते.

दुखणे लक्षात आल्यावर घरातलीच गोळी अर्धी करून देणे ही त्याहून घातक चूक होय. माणसांसाठीच्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वेदनाशामक औषध पशुवैद्यकानेच, शक्यतो रक्ततपासणी करून, ठरवावे. वाढलेले वजन उतरवणे, गुळगुळीत फरशीवर न सरकणारी सतरंजी अंथरणे आणि नखे वेळच्या वेळी कापणे मात्र घरी करता येते, आणि त्याने पडणारा फरक पुष्कळ असतो.

रात्री घरात लघवी होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणारेही अनेक जण असतात. तसे कधीही करू नये. त्याऐवजी, दिवसभरात किती पाणी संपते ते मोजावे : दर किलो वजनामागे 100 मिलिलिटरहून अधिक, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याने दिवसाला एक लिटरच्या वर पाणी पिणे, हे मूत्रपिंडविकार, मधुमेह किंवा कुशिंग विकाराचे (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचे) लक्षण असू शकते. मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेल्यानंतरच रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक) वाढलेले दिसते, म्हणून रक्तासोबत लघवीचीही तपासणी आवश्यक ठरते.

दार उघडण्याच्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला जाऊन उभे राहणे, कोपऱ्यात अडकणे, दिवसा झोपून रात्री येरझाऱ्या घालणे, याला हट्ट समजून रागावणे व्यर्थ आहे. हा मेंदूच्या ऱ्हासाचा भाग असू शकतो. परंतु तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी वेदना, बहिरेपण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, हे तपासून घ्यावे.

मोठ्या जातींची कुत्री सहाव्या-सातव्या वर्षीच वयस्क होतात, लहान जातींची बरीच उशिरा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. दवाखान्यातील उत्तेजनेमुळे लंगडणारा कुत्राही तिथे ऐटीत चालून दाखवतो, म्हणून सकाळी उठतानाचे आणि जिना चढतानाचे त्याचे चित्रण मोबाईलवर करून सोबत न्यावे.