आधी फळ, मग वाइन: बोर्डी-घोलवडची एका दिवसाची खासगी वाइन-सफर कशी आखावी

कोकणच्या दमट हवेत द्राक्षाचा वेल सांभाळणं जिकिरीचं. डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग पाठ सोडत नाहीत. म्हणून वाइन चाखायला जायचं म्हटलं की माणसं घाट चढून नाशिकची वाट धरतात. पण किनाऱ्यावरच, पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीत फळांची वाइन होते. ‘फ्रुझान्ते’ नावाने निघणारी तिथली चिकूची वाइन ज्या फळाची, त्या फळाच्या वाड्या तिथेच आजूबाजूला आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, उद्योगांवर बंधनं आली आणि वाड्या टिकायला त्याची मोठी मदत झाली.

या सफरीत एकच गोष्ट मनापासून सांभाळा: आधी वाडी, मग वायनरी. ज्याने सकाळी झाडाखाली चिकू खाल्ला आहे, त्याला दुपारी पेल्यात काय उरलं, काय गेलं आणि काय नवं आलं ते कळतं. थेट वायनरीत शिरणारा माणूस नकळत ही वाइन द्राक्षाच्या वाइनशी ताडून पाहतो आणि निराश होतो. तो या फळावर अन्याय आहे.

दिवस निवडताना

चिकू बाराही महिने थोडाफार लागतो, पण ऐन बहर थंडीत, साधारण जानेवारी ते मार्च. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवाही सोसवते. एप्रिल-मेमध्ये पेल्यातली वाइन पाच मिनिटांत कोमट होते, आणि पावसाळ्यात वाडीत पाय रुतत असतात.

शनिवार-रविवार टाळा. खासगी सफर म्हणून पैसे भरायचे आणि चव घ्यायची ती गर्दीच्या गोंगाटात, यात अर्थ नाही. मंगळवार ते गुरुवार सगळ्यांत बरे, फक्त वायनरीची साप्ताहिक सुट्टी आधी विचारा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे कोरडे (दारूविक्री बंद असलेले) दिवस सगळ्यांना आठवतात, निवडणुका मात्र विसरल्या जातात. मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही कोरडाच असतो, आणि नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक मुंबईच्या माणसाच्या ध्यानातही नसते.

चार माणसं वेगवेगळी ठरवा

खासगी सफर मोडते ती बहुतेक वेळा इथे. एकाच माणसाने ‘सगळं मी बघतो’ म्हटलं की वाडी पाच मिनिटांत उरकते आणि उरलेला वेळ विक्रीच्या काउंटरवर जातो. तुम्हाला हवे आहेत वाडीचा मालक किंवा राखणारा, वायनरीत प्रक्रिया समजावून सांगणारा, जेवण देणारं घर किंवा खाणावळ, आणि दिवसभर एक थेंबही न घेणारा चालक. वाटाड्या स्थानिक घेतलात तर पहिल्या तिघांशी तोच बोलून ठेवतो. तरीही प्रत्येकाची वेळ तुमच्याकडे लेखी असू द्या.

गट चार ते आठ जणांचा. आठाच्या वर गेलात की मागचा माणूस ऐकणं सोडून फोटो काढायला लागतो. चारपेक्षा कमी असाल तर खर्च माणशी जड पडतो.

किमान आठवडाभर आधी फोन करा आणि त्यानंतर असा निरोप पाठवा:

‘नमस्कार. आम्ही सहा जण, सगळे २१ वर्षांवरचे, बुधवारी ११ वाजता येतो. आमच्यापुरतंच सत्र हवं आहे, दीड तासाचं. प्रत्येकी पाच वाइन, ३० ते ४० मिली. त्यांत चिकूची कोरडी आणि गोड अशा दोन्ही असतील का? टाक्या बघता येतील का? थुंकण्यासाठी भांडं, पिण्याचं पाणी आणि साधा पाव मिळेल का? एकूण रक्कम किती, आणि बाटल्या घेतल्या तर त्यातून वळती होते का?’

शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. टाक्यांचा प्रश्न तर विचाराच. फळ नसेल तेव्हा टाक्या रिकाम्या असू शकतात, आणि ते जाऊन कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

महाराष्ट्रात मद्य घ्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, आणि एक दिवसाचा परवाना बहुधा विक्रीच्या जागीच फाडून मिळतो. वयाचा पुरावा प्रत्येकाने जवळ ठेवावा.

पोहोचणं

पश्चिम रेल्वेने विरारहून डहाणू रोड लोकलने सुमारे दीड तास. तिथून बोर्डी किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण १७ किलोमीटर. घोलवड स्टेशन बोर्डीला फारच जवळ आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा. मोटारीने आलात तर मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीला डहाणूकडे वळा.

स्वतःची गाडी चालवत येऊन ‘आपण थोडीच घेऊ’ हा बेत करू नका. हिशेब साधा आहे. ४० मिलीचे पाच घोट म्हणजे २०० मिली. ११ टक्क्यांची वाइन धरली तर त्यात सुमारे १७ ग्रॅम अल्कोहोल. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. रिकाम्या पोटी भराभर घेतली तर ७० किलोचा माणूसही या मर्यादेपाशी पोहोचतो, आणि ५५ किलोची बाई ती ओलांडते. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. डहाणू ते बोर्डी हा रस्ता अरुंद, वळणांचा आणि सायकलवाल्या शाळकरी मुलांचा आहे, हे त्या दंडाहून मोठं कारण.

वाडीत, सकाळी साडेआठ ते साडेदहा

घरून निघताना पोटभर पण सौम्य न्याहारी करा: पोहे, उपमा, घावन. लसणाची चटणी, कच्चा कांदा, पान, तंबाखू नको. अत्तर किंवा परफ्यूम नको, आणि मोगऱ्याचा गजराही त्या दिवसापुरता घरी राहू दे. चार जणांच्या टेबलावर एक गजरा असला की बाकी तिघांच्या पेल्यांनाही मोगऱ्याचाच वास येतो.

इथल्या वाड्यांत मुख्य जात कालीपत्ती. लांब बांबूच्या झेल्याने फळ कसं उतरवतात ते बघा आणि तयार फळ ओळखायला शिका. सालीवरची तपकिरी भुकटी अंगठ्याने पुसा, नखाने हलका ओरखडा काढा. खाली हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर फळ कच्चं, पिवळसर दिसलं तर काढायला झालेलं. तेही झाडावर खाण्याजोगं नसतं, उतरवल्यावर काही दिवसांनी पिकतं. म्हणून वाडीवाल्याला आधीच सांगा: तीन अवस्थांतली फळं ठेवा. नुकतं उतरवलेलं, नीट पिकलेलं आणि एक दिवस जास्त झालेलं.

आता चाखण्याचा खरा धडा इथेच घ्या, अजून बाटली उघडलेलीही नाही.

कच्च्याचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवा. हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तो टॅनिनचा तुरटपणा. वाइनमध्ये हीच पकड पुन्हा भेटेल, तेव्हा ती कुठून आली ते कळेल. मग पिकलेली फोड खा: गोडी, मध, गुळाची झाक, किंचित वाळूसारखा रवाळपणा. आंबट मात्र काहीच नाही. चिकूचं बळ गोडीत आहे आणि उणीव आंबटपणात. त्याच फळाच्या दुसऱ्या फोडीवर लिंबाचे दोनच थेंब पिळा आणि पुन्हा खा. मघाची सपाट गोडी एकदम उभी राहते. चिकूची वाइन करणाऱ्यालाही हेच करावं लागतं: रसाला बाहेरून आम्ल देऊन तोल आणावा लागतो. तो तोल कितपत साधला आहे, हे दुपारी तुम्हाला पारखायचं आहे. शेवटी जास्त पिकलेलं फळ हुंगा, खाऊ नका. त्यात आंबण्याची पहिली चाहूल असते.

नंतर भरपूर पाणी प्या आणि अर्धा तास काही खाऊ नका.

वायनरीत, अकराला

जेवणाआधी जीभ ताजी असते, म्हणून अकराची वेळ. आधी टाक्या, मग पेले. मार्गदर्शकाला नुसतं ‘कशी बनवतात’ विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. नेमकं विचारा. फळ किती पिकल्यावर घेता? लगदा इतका घट्ट असतो, मग रस सुटायला काय घालता? (पेक्टिन तोडणारं एन्झाइम वापरतात.) रसात पाणी आणि साखर किती मिसळता? लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे ११ टक्क्यांच्या वाइनला लिटरला १८५ ते १९० ग्रॅम साखर लागली, आणि त्यातली फळाची किती व पोत्यातली किती, हा रास्त प्रश्न आहे. चांगला कारागीर त्याने रागावत नाही, उलट खुलतो.

पेल्यांचा क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवायला सांगा: बुडबुड्यांची किंवा कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, आधी, मग मध्यम, गोड शेवटी. मधाची वाइन असेल तर तीही शेवटाकडे. गोड आधी घेतली की पुढची प्रत्येक कोरडी वाइन आंबट पाणी वाटते. ही चूक सर्रास होते, कारण पाहुणे खूश व्हावेत म्हणून गोडच पुढे करतात.

फळांची वाइन ८ ते १२ अंशांवर द्यावी. फार थंड असेल तर वास मिटतो, कोमट झाली तर अल्कोहोल नाकात चढतं. म्हणून एका वेळी ३० मिलीच ओतून घ्या, पेला दांड्याने धरा, बाटली बर्फाच्या पाण्यात परत जाऊ द्या.

मग सावकाश. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून रंग बघा. न ढवळता हुंगा, ढवळून पुन्हा हुंगा. छोटा घोट तोंडभर फिरवा, दहा सेकंद ठेवा, थुंका. थुंकण्याची लाज आपल्याकडे फार, पण ते भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. गिळायचंच असेल तर आवडलेल्या दोनांचाच एकेक घोट गिळा. दोन वाइनच्या मध्ये पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा. खारे शेंगदाणे, चकली, चीज हे सगळं नंतर. मीठ आणि स्निग्धता वाइनचे दोष झाकतात.

प्रत्येक वाइनला वहीत तीनच नोंदी करा: सकाळच्या फळातलं काय सापडलं, आंबटपणा कुठे लागला, घोट गेल्यावर चव किती वेळ राहिली. सुक्या फळाचा, मधाचा, भाजलेल्या गुळाचा वास आला तर शोभतो.

दोषही ओळखता यायला हवेत. व्हिनेगरसारखा उग्र आंबट वास म्हणजे हवा लागून जिवाणूंनी काम केलं. सडक्या अंड्याचा वास आला तर आंबवताना यीस्टला पोषण कमी पडलेलं असतं. तो बहुधा पेला ढवळल्यावर जातो, न गेल्यास वाइन सोडा. नुकत्या ओढलेल्या काडीचा झणका म्हणजे गंधकाचं संरक्षक जास्त झालं. दमेकऱ्यांनी अशी वाइन टाळावी. ओल्या गोणपाटाचा वास बुचाचा. आणि साध्या वाइनमध्ये जिभेवर बुडबुडे टोचले, तर उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबायला लागली आहे. अशी बाटली घरी नेऊ नका, उन्हात फुटू शकते.

गरोदर बायका, मधुमेहाच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडॅझोलसारखं औषध चालू असलेले यांनी वास घेण्यापर्यंतच थांबावं. वाडीतला अर्धा दिवस त्यांचाही तेवढाच रंगतो.

जेवण

एकच्या सुमारास जेवा. कोरड्या चिकू-वाइनसोबत रव्यातलं तळलेलं पापलेट किंवा बोंबील छान जातो. वाइनचा आंबटपणा तेल कापतो. कोळंबीचं तिखट कालवण असेल तर थोडी गोड वाइन घ्या, कारण तिखटावर कोरडी वाइन जास्तच जळजळते. बोर्डीकडे पारशी-इराणी पदार्थही मिळतात, तेव्हा धानसाक सांगायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवा. दुपारी बोर्डीच्या सुरूच्या बनात विश्रांती घ्या. वाइन घेतल्यावर समुद्रात उतरू नका.

बाटल्या घरी नेताना

बिल आणि परवाना बाटल्यांसोबत ठेवा. बोर्डीपासून गुजरातची हद्द काही किलोमीटरवर आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. नकाशा बघून उंबरगावमार्गे परतण्याचा किंवा संध्याकाळी उदवाड्याला जाऊन येण्याचा मोह होतो. गाडीत एकही बाटली असेल तर तो रस्ता धरू नका. चालकालाही हे सकाळीच सांगा, कारण जवळची वाट तोच शोधत असतो.

हीच काळजी कोकणच्या दुसऱ्या टोकाला, उलट्या दिशेने. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या माणसांना मार्च ते मे गोव्याच्या काजूभट्ट्या जवळ पडतात. तिथे नीरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस), हुर्राक (त्या रसाची पहिल्या धारेची दारू) आणि फेणी चाखता येते. फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पण हुर्राक आणि फेणी भट्टीतून ऊर्ध्वपातन केलेली पेयं आहेत. फेणी ४० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा वरचं ४० मिलीचं माप तिथे चालत नाही. १० मिली पुरे. आणि परवान्याशिवाय गोव्याची बाटली बांद्याच्या बाजूने महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे.

बाटल्या डिकीत मोकळ्या ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत वाइन अक्षरशः शिजते, फळाचा वास जातो आणि बूच वर सरकतं. थर्माकोलची पेटी आणि बर्फाच्या पिशव्या घ्या. पेटी कोरी हवी, मासळीची धुतलेलीसुद्धा चालणार नाही. घरी बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, उघडल्यावर बूच घट्ट लावून तीन-चार दिवसांत संपवा. फळांची वाइन सहसा वर्षानुवर्षं मुरवण्यासाठी केलेली नसते. बाटलीवरची भरल्याची तारीख पाहूनच घ्या, आणि सालभराच्या आत उघडा.