गडद बेरी मेकअप आणि चमकदार त्वचा: या चुका टाळा

न्यूड लिपस्टिक आरशात न बघताही लावता येते. बेरी, प्लम, वाइन या गडद लाल-जांभळ्या घराण्यातल्या शेड्सना ते चालत नाही. कडेला केसभर रंग बाहेर गेला, तरी समोरच्याची नजर आधी तिथेच जाते. आणि काही बिघडलं की आपण वरून आणखी थापतो. माझ्या अनुभवात या लुकची बहुतेक दुरुस्ती लावून होत नाही, काढून होते.

लिपस्टिक फिसकटते, तुटक दिसते

एकदा निघायच्या घाईत मी लिप बामवरच गडद वाइन लिपस्टिक फिरवली. तासाभराने आरशात पाहिलं, तर वरच्या ओठाच्या बारीक रेघांमधून रंग वर चढलेला आणि डावा कोपरा हनुवटीकडे ओघळलेला. टिश्यूने पुसायला गेले, तर ओठांच्या वर जांभळी मिशीच उमटली. त्यात बामचा काही दोष नव्हता. तो मी टिपला नव्हता, एवढंच. तेलकट थरावर रंग धरत नाही, घसरतो. म्हणून बाम अगदी सुरुवातीला लावा, डोळे आणि बेस (म्हणजे फाउंडेशनचा थर) होईपर्यंत मुरू द्या आणि लिपस्टिकच्या आधी टिश्यू दाबून उरलेला सगळा टिपून घ्या.

सुटलेले पापुद्रे बाम मुरल्यावर ओल्या मऊ कापडाने हलकेच निघतात. ते तसेच राहिले, तर गडद मॅट, म्हणजे बिनचमकीचा, रंग नेमका त्यांच्या कडांना साठतो. ओठ फाटून दुखत असतील, तर मात्र त्या दिवशी मॅटचा नाद सोडा. बेरी टिंट असलेला बाम लावा, तोही छान दिसतो.

लायनर लिपस्टिकच्याच शेडचा किंवा किंचित गडद घ्या. वरच्या ओठाच्या मधल्या खाचेवर फुलीसारख्या दोन रेघा काढा, मग कोपऱ्यांकडून मध्यभागी या. नुसती चौकट काढून थांबू नका, पूर्ण ओठ लायनरने भरा. वरची लिपस्टिक जेवताना गेली, तरी खाली रंग उरतो आणि फक्त कडा शिल्लक राहिल्याचा तो विचित्र प्रकार होत नाही. त्यावर ब्रशने पातळ थर, टिश्यूने टीप, पुन्हा पातळ थर.

लिक्विड मॅट असेल, तर पूर्ण वाळलेल्या थरावर दुसरा जाड थर चढवू नका. तो भेगाळतो, मग त्याचा चुरा पडायला लागतो. असं झालंच, तर ठिगळं लावत बसण्यापेक्षा सगळं काढून नव्याने लावणं लवकर होतं. कड वाकडी झाली असेल, तर चपट्या ब्रशवर अगदी थोडं कन्सीलर (डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम) घेऊन बाहेरच्या बाजूने सरळ करा. शेवटी स्वच्छ बोट ओठांत धरून बाहेर ओढा. दातांना लागणारा रंग बोटावर येतो.

दात पिवळे वाटत असतील, तर शेड बदलून बघा. तपकिरीकडे झुकणारी बेरी दातांचा पिवळेपणा वाढवून दाखवते, निळसर झाक असलेली कमी करते.

ग्लो की घाम?

चमक सगळीकडे असली की चेहरा तेलकट दिसतो. गालाच्या हाडाचा वरचा भाग आणि भुवयांखालचं हाड एवढ्याच जागा पुरे. नाकालगतच्या गालावर, जिथे रंध्रं मोठी दिसतात, तिथे हायलायटर लावला की ती आणखी उठून दिसतात. सावळ्या त्वचेवर चंदेरी-पांढरा हायलायटर राख फासल्यासारखा दिसतो. तिथे सोनेरी, तांबूस किंवा रोझ गोल्ड घ्या. चमचमणारे मोठे कण मला या लुकमध्ये अजिबात आवडत नाहीत. ओठ गडद असताना गालावर ओलसर झळाळी हवी, चांदण्या नकोत.

पावडर कपाळाचा मध्य, नाकाच्या बाजू आणि हनुवटी एवढ्यावरच. क्रीम हायलायटर किंवा क्रीम ब्लश लावायचा असेल, तर तो पावडरच्या आधी. पावडरवर क्रीम चोळलं, की खालचा बेस उचलला जातो आणि डाग पडतात. बेसचे खोडरबरासारखे गोळे निघत असतील, तर बहुतेक वेळा खालचे थर मुरायच्या आत पुढचा लावलेला असतो. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि प्रायमर यांच्यामध्ये काही मिनिटं जाऊ द्या आणि फाउंडेशन घासू नका, ओल्या स्पंजने थोपटा.

डोळे रडल्यासारखे

पापणीवर नुसता लालसर-जांभळा रंग लावला, तर माणूस आजारी किंवा मार खाल्लेला वाटतो. आधी पापणीच्या वरच्या खोबणीत मऊ तपकिरी शेड फिरवा आणि पापण्यांच्या मुळाशी काळी किंवा गडद तपकिरी रेघ ओढा. लाल रंग आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्यात ती रेघ आली, की डोळे लगेच ताजे दिसतात. डोळ्यांखाली काळसरपणा असेल, तर कन्सीलरच्या आधी नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात द्या, कारण बेरी त्या सावलीला आणखी गडद करते. डोळ्यांचा मेकअप बेसच्या आधी उरका. गालावर सांडलेला जांभळा चुरा फाउंडेशनवरून पुसणं म्हणजे शिक्षा.

लिपस्टिकच आयशॅडो म्हणून वापरायची युक्ती मी टाळते. ओठांना चालणारा प्रत्येक लाल रंग डोळ्यांभोवती चालतोच असं नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न आणि औषध प्रशासनाच्या) नियमांत रेड 6 आणि रेड 7 हे रंग लिपस्टिकमध्ये चालतात, डोळ्यांच्या भागात नाही.

घरी छान, बाहेर भलताच

पिवळ्या बल्बखाली बेरीतला निळा दबतो आणि रंग तपकिरी वाटतो. मग आपण आणखी गडद करत जातो आणि उजेडात काळपट ओठ घेऊन फिरतो. खिडकीपाशी उभं राहून एकदा बघा, फोनच्या फ्लॅशमध्ये एक फोटोही काढा. डोळ्यांखाली पांढरे ठिपके आले, तर सेटिंग पावडर जास्त झाली आहे. मोठ्या कोरड्या ब्रशने झटका.

रात्री हा रंग साध्या फेसवॉशने निघत नाही. तेलाचा क्लेन्झर किंवा क्लेन्झिंग बाम ओठांवर अर्धा मिनिट तसाच ठेवा, मग कापसाने कोपऱ्यांकडून मध्याकडे पुसा. तरीही गुलाबी छटा राहिली, तर घासू नका. बाम लावून झोपा, सकाळी तोंड धुताना उरलीसुरली निघते.