बेळगावात दुकान टाकण्याआधी गडहिंग्लजचं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणा

पॅन, आधार, चालू खातं, ट्रेड लायसन्स यांवर वेळ घालवत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पाटी रंगवायच्या आधी तिच्यावर 60 टक्के कन्नड हवी, हा कर्नाटकाचा नियम बघा.

आता जीएसटी. इथे थांबा आणि नीट वाचा. बेळगावात साड्यांचं दुकान काढताना मी कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांची सोपी जीएसटी योजना, घेतली. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल, एक टक्का कर, तीन महिन्यांनी एकदा भरणा, म्हटलं आपल्याला हेच बरं. त्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही, हे मी विचारलंच नाही. महाराष्ट्रातल्या इचलकरंजीहून माल आणायला चालतं, तिकडेच गडहिंग्लजला पाठवायला चालत नाही. आपली सोयरीक चंदगड-आजऱ्यात, लग्नाचा बस्ता बांधायला माणसं तिकडून येतात, मग सीमा कुणाच्या ध्यानात राहणार? मी 80 हजारांचा बस्ता टेम्पोने गडहिंग्लजला पाठवला, तोही ई-वे बिलाशिवाय, म्हणजे माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याशिवाय. वाटेत गाडी तपासली. पुढे योजना गेली, नेहमीचा कर, व्याज, दंड, सगळं आलं. गिऱ्हाईकाकडून कर घेतलेलाच नव्हता, म्हणून तो घरातून भरला.

म्हणून पहिल्याच दिवशी कर सल्लागाराला विचारा: माझं गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं आहे, मला कंपोझिशन चालेल का? तो घाईत असला तरी उत्तर घेतल्याशिवाय उठू नका. ‘40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीच नको’ हा सल्लाही अर्धा आहे; करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर बहुतेकांना पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आणि बिलावरचा पत्ता सांभाळा. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाईकाचा चंदगडचा पत्ता बिलावर लिहिला, तर दुकानात हातोहात दिलेली साडीसुद्धा ऑक्टोबर 2023 पासून आंतरराज्य विक्री धरली जाते. पत्ता खोटा लिहू नका, योजनाच योग्य निवडा. चंदगडला दुसरं दुकान काढूनही सुटका नाही: पॅन एक असला तरी दोन राज्यांतली दुकानं कायद्याला वेगळी, बेळगावहून तिकडे माल हलवला की तोही आंतरराज्य पुरवठा. महाराष्ट्रात थोडंही विकणार असाल तर सरळ नियमित नोंदणी घ्या. थोडंही म्हणजे एक बस्तासुद्धा.

घरचा आणि दुकानाचा पैसा वेगळ्या खात्यांत ठेवा. भागीदार भाऊ असला तरी करार लेखी हवा. दोघांतला एक वारला की भागीदारी संपते. दुकान एकट्याच्या नावावर असेल तर चालू खात्याला नॉमिनी लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या, ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मालमत्तेत बायको-मुलांइतकाच आईचाही वाटा असतो. विमा, भाडेकरार, व्यवसाय कर, हेही उरकून घ्या.

आणि बस्ता पाठवण्याआधी ई-वे बिल.