घर विकायला काढताना या चुका टाळा: आधी फाईल, मग रंग

नाशिकमध्ये जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रे जुळवून देण्याचे काम मी एकवीस वर्षे करीत आहे. या काळात व्यवहार मोडलेले पाहिले, ते बहुतेक घर चांगले नव्हते म्हणून मोडले नाहीत. कागद वेळेवर हाती नव्हते म्हणून मोडले. घर विकायचे ठरले की लोक प्रथम रंगाऱ्याला बोलावतात आणि कागदपत्रांची फाईल माळ्यावरून निघते ती विसार, म्हणजे व्यवहार ठरवताना मिळणारी आगाऊ रक्कम, घेतल्यावर. हा क्रम उलटा आहे. रंग आठवड्यात होतो. एक कमी पडलेला कागद सहा महिने खातो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे वडिलांच्या नावावरचे घर वारसांचा प्रश्न न सोडवता विकायला काढणे. काही वर्षांपूर्वी जेलरोडवरचा एक दोन बेडरूमचा फ्लॅट माझ्याकडे आला. वडील मृत्युपत्र न करता वारले होते. सोसायटीत थोरल्या मुलाचे नामनिर्देशन होते, भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) त्याचे नावही चढले होते, त्यामुळे घर आपलेच झाले अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माझ्याकडे येण्याआधीच त्याने पाच लाख रुपये विसार घेऊन नव्वद दिवसांची मुदत लिहून दिली होती. "बहिणींचे काय?" असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "त्यांची लग्ने झाली हो, त्यांचा काय संबंध?"

संबंध पूर्ण होता. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसते, ती वारसांच्या वतीने मिळकत सांभाळते. हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांचा सारखा हिस्सा असतो, आणि लग्नाने मुलीचा हिस्सा जात नाही. ग्राहकाच्या बँकेच्या वकिलांनी नेमके हेच विचारले. आई वडिलांच्या आधीच गेलेली होती. सिन्नरची धाकटी बहीण एका दिवसात येऊन सही करून गेली. मोठी बहीण मात्र वडिलांनंतर वारली होती, म्हणजे तिचा हिस्सा तिच्या पतीकडे आणि मुलाकडे गेलेला. मेहुण्याशी या भावाचे आठ वर्षे बोलणे नव्हते आणि भाचा कॅनडात होता. भाच्याने मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार देणाऱ्या कागदाचा, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यावर कोणताही निबंधक दस्त नोंदवून घेणार नाही. परदेशातले मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करावे लागते, मूळ प्रत इथे यावी लागते आणि ती भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे सारे होईपर्यंत नव्वद दिवस संपले, ग्राहकाच्या कर्जमंजुरीची मुदत उलटली आणि त्याने पाथर्डी फाट्याला दुसरे घर घेतले. विसाराचे पाच लाख मुलीच्या फीमध्ये खर्च झाले होते. ते परत करायला या गृहस्थांना कर्ज काढावे लागले. फ्लॅट अकरा महिन्यांनी विकला गेला.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पहिल्या भेटीत मी कोऱ्या कागदावर वंशावळ काढतो, गेलेल्या प्रत्येक माणसापुढे मृत्यूची तारीख लिहून घेतो आणि मृत्यूचे दाखले त्याच दिवशी मागतो. ज्यांना हिस्सा नको त्यांचे हक्कसोडपत्र जाहिरात देण्यापूर्वी नोंदवून घ्यावे. जवळच्या नात्यात, मोबदल्याशिवाय केलेल्या हक्कसोडपत्राला काही शे रुपयांचेच मुद्रांक शुल्क लागते. "सही तर देणारच आहेत, नंतर बघू" हा शॉर्टकट मला मान्य नाही. ग्राहक ठरला आणि भाव कळला की आज राजी असलेला नातेवाईकही विचारात पडतो.

कर्ज फिटलेल्या घराचे मूळ दस्त बँकेतच पडून आहेत, हेही अनेकांना विसार घेतल्यावर आठवते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे आणि बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. विलंब बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. आपल्या शहरातील बऱ्याच इमारती सोसायटी नसून 1970 च्या कायद्याखालची अपार्टमेंट आहेत. तिथे डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा नोंदणीकृत दस्त, झाले आहे का ते पाहावे. सिडकोच्या योजनेतील घर असेल तर हस्तांतरणाची चौकशी सर्वांत आधी करावी.

दुसरी चूक ओल रंगाखाली झाकण्याची. इंदिरानगरमधल्या एका दांपत्याने मे महिन्यात हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीला पुट्टी भरून महागडा रंग दिला. बाहेरच्या प्लास्टरला पडलेली भेग बुजवा, असे मी सांगितले होते; पण त्यांना घाई होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घर बघायला आलेल्या ग्राहकाच्या आईने बोलता बोलता सोफ्यामागच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि उचलून पाहिला. हाताला पांढरी भुकटी लागली होती. त्या माउली काहीच बोलल्या नाहीत, फक्त मुलाकडे पाहिले. चाळीस हजारांत झाली असती अशा दुरुस्तीपोटी त्या लोकांनी तीन लाख कमी मागितले, आणि मला त्यांचे काही चुकले असे वाटत नाही, कारण एक गोष्ट लपवलेली सापडली की माणूस बाकीच्या घराकडेही संशयानेच पाहतो.

संशयित भिंतीवर मी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवतो. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे आणि खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा आहे. ओल भिंतीतून असेल तर आधी बाहेरची भेग, गच्ची किंवा वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर पाहावे, खराब प्लास्टर खरवडून भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंग द्यावा. याला दीड-दोन महिने लागतात, तेवढे द्यावेत.

किमतीपैकी काही रक्कम रोखीत घेण्याचा मोह टाळा; घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा अधिक रोख स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. एकूण किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर ग्राहक एक टक्का कर कापून भरतो, त्याने तुमचा पॅन बरोबर टाकला आहे ना ते भरण्यापूर्वीच पाहा. घरपट्टी आणि पाणीपट्टी चालू वर्षापर्यंत भरून पावत्या फाईलला लावा. आणि 2027 च्या सिंहस्थाच्या भरवशावर शेजाऱ्यांच्या तोंडचा भाव धरून बसू नका. त्याच इमारतीत अलीकडे नोंदलेल्या खरेदीखताची सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) काढून पाहा.

शेवटच्या दिवशीची चूक किल्लीची असते. "उद्या मुहूर्त आहे, सामान तेवढे ठेवू द्या" असे ग्राहकाने म्हटले की भिडेखातर किल्ली दिली जाते आणि बँकेचा शेवटचा हप्ता आणखी तीन आठवडे येत नाही. मी खरेदीखतातच लिहून घेतो की संपूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर ताबा दिला जाईल. मग ताबा पावती करतो. तिच्यावर तारीख, वीजमीटरचे त्या क्षणाचे वाचन आणि दिलेल्या किल्ल्यांची संख्या लिहितो, दोन्ही बाजूंच्या सह्या घेतो आणि त्यानंतरच किल्ल्यांचा जुडगा पुढे करतो.