रिंग मोठी केली तरी फ्लक्स तेवढाच

मी नागपुरात बारावी आणि बीएस्सी पहिल्या वर्षाच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. इंडक्शनचा, म्हणजे बदलत्या चुंबकीय फील्डमुळे तारेत व्होल्टेज तयार होण्याचा धडा निघाला की एका गणितावर अर्धा वर्ग हमखास अडतो. लांब सोलेनॉइड (नळीवर गुंडाळलेली तारेची कॉइल), त्रिज्या 2 सेंमी, मीटरला 1000 वेढे, धारा 2 अँपिअर. त्याच्या भोवती 5 सेंमी त्रिज्येची तारेची रिंग. रिंगमधून फ्लक्स, म्हणजे आरपार जाणारं एकूण चुंबकीय फील्ड, किती?

पोरं झटक्यात रिंगचं क्षेत्रफळ काढतात आणि फील्डनं गुणतात. उत्तर सव्वासहा पट फुगतं. लांब सोलेनॉइडचं फील्ड आतच असतं, बाहेर जवळजवळ शून्य. म्हणून क्षेत्रफळ घ्यायचं ते सोलेनॉइडचं. आत फील्ड 2.5 मिलिटेस्ला, फ्लक्स साधारण 3.2 मायक्रोवेबर. रिंग 5 सेंमीची असो की 8 ची, चौकोनी असो की वाकडीतिकडी, उत्तर तेच.

माझं सांगणं एवढंच: सूत्राला हात लावण्याआधी वरून दिसणारं चित्र काढा आणि फील्ड जिथं आहे तेवढाच भाग पेन्सिलनं भरा. मग बाकीचे प्रकार आपोआप सुटतात. रिंग सोलेनॉइडच्या आत असेल तर रिंगचं क्षेत्रफळ. शेजारी ठेवली असेल तर शून्य. दोन वेढे दिले तर दुप्पट. बाहेरची रिंग तिरपी केली की मुलं तिरकेपणाच्या कोनाचा कोसाइन लावायला धावतात. सोलेनॉइड तिच्यातून आरपार जात असेल तर कोसाइनची काही गरज नाही.

खरा प्रश्न यानंतर येतो, आणि तो विचारणारं पोरगं मला आवडतं. "सर, तार आहे तिथं फील्डच नाही, मग इलेक्ट्रॉनला ढकलून कोण राहिलं?" रास्त शंका आहे. आतलं चुंबकीय फील्ड बदलत असताना भोवती गोल फिरणारं विद्युत फील्ड तयार होतं, आणि ते बाहेरही असतं. रिंगची त्रिज्या दुप्पट केली की ते निम्मं होतं, पण परीघ दुप्पट होतो. गुणाकार तोच, म्हणून व्होल्टेजही तेच. धारा स्थिर असेल तर मात्र काहीच नाही. इंडक्शन शोधणाऱ्या फॅरडेनं 1831 मध्ये लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या करून पाहिलं, एकीला बॅटरी, दुसरीला धारा दाखवणारी सुई. तेव्हाही सुई हलली ती बॅटरी जोडताना आणि काढताना.

शक्य असेल तर हे घरी करून बघा. 40 मिमीचा पीव्हीसी पाइप आणि 20 गेजची इनॅमलची तार घ्या. 30 सेंमी लांबीवर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळलं की तीनेकशे वेढे बसतात. तार पाव किलोच्या आसपास लागते. मोटर वाइंडिंगवाल्याकडे ती किलोवर मिळते, पण मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका. तेव्हा अख्ख्या नागपूरच्या कुलरच्या मोटरी त्याच्यापुढे पडलेल्या असतात, तुमच्याकडे तो बघणारही नाही. 12 व्होल्टचा, निदान 2 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर लावा (तो एसी, म्हणजे सतत बदलणारी धारा देतो) आणि सिरीजमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब टाका. कॉइलचा रोध जेमतेम 1 ओहम असतो, बल्ब नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळालाच समजा. थेट मेन्सला तर कधीच जोडू नका.

भोवती सुट्या तारेचे 10 वेढे दिले की आठेक मिलिव्होल्ट एसी मिळायला हवेत. इथं मीटर दगा देतो. स्वस्तातल्या पिवळ्या मल्टिमीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज बहुधा 200 व्होल्टची असते, त्यावर नुसता शून्य दिसेल. एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर कॉलेजच्या लॅबमधून मागून आणा. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींत पिळून घ्या, कारण त्यांच्यामधली मोकळी जागाही रिंगचाच भाग असते.

आता 10 वेढ्यांची रिंग मोठी करत न्या. आकडा वाढत नाही, उलट किंचित घटतो. आपलं सोलेनॉइड अनंत लांब नाही. एका टोकातून निघालेल्या रेषा बाहेरून उलट्या दिशेनं दुसऱ्या टोकाकडे परततात, आणि रिंग जितकी मोठी तितक्या त्या परतीच्या रेषा तिच्यात जास्त सापडून आतला फ्लक्स कापतात. परीक्षेच्या गणितात 'लांब सोलेनॉइड' हे शब्द असतात ते यासाठीच.